विंडो समोर एक, अक्षरे दुसरीकडे: फोकसचे आणि विंडोंच्या क्रमाचे दोष कसे शोधावेत, कसे दुरुस्त करावेत

नाशिक जिल्ह्यात कांद्याचा हंगाम भरात असला की खळ्यावरच्या भुईकाट्याच्या संगणकाला दिवसभर उसंत नसते. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन स्थिर होते, ऑपरेटर गाडीचा नंबर, शेतकऱ्याचे नाव आणि गाव टाइप करतो आणि काटापट्टी छापून निघते. या लेखात अशीच एक मांडणी उदाहरण म्हणून घेतली आहे. लिनक्सवर चालणारा एक संगणक, त्याला दोन स्क्रीन. आतल्या स्क्रीनवर नोंदीचा फॉर्म आणि वजनाची छोटी विंडो असते, तर बाहेरच्या स्क्रीनवर शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचे वजन दिसावे म्हणून तेच वजन मोठ्या आकड्यांत दाखवले जाते. अशा ठिकाणी हमखास दोन तक्रारी येतात. एक म्हणजे टाइप करता करता अर्धी अक्षरे भलत्याच विंडोत जातात. दुसरी म्हणजे बाहेरच्या स्क्रीनवरचा वजनाचा आकडा मधूनच एखाद्या पट्टीखाली किंवा सूचनेखाली झाकला जातो.

या दोन्ही तक्रारी ‘संगणक हँग होतो’ या एकाच वाक्यात सांगितल्या जातात आणि त्यावर यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपाय केला जातो. तसे केल्याने दोषाचा माग पुसला जातो, म्हणून सेटिंग बदलण्यापूर्वी आणि यंत्र बंद करण्यापूर्वी नेमके काय घडले याची नोंद घेणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी रीत त्या नोंदीवरच उभी आहे.

दोन प्रश्न वेगळे ठेवावेत

कोणती विंडो सर्वांत वर दिसते आणि कीबोर्डची अक्षरे कोणत्या विंडोला मिळतात, म्हणजे फोकस कोणाकडे आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. एरवी दोन्हींचे उत्तर एकच असते, त्यामुळे ते एकच वाटतात. प्रत्यक्षात एखादी विंडो सर्वांत वर असूनही तिच्याकडे फोकस नसू शकतो, आणि पूर्ण झाकलेल्या विंडोकडे फोकस असू शकतो.

या दोन गोष्टींचा कारभार तिघे मिळून पाहतात. स्क्रीनवर विंडो दाखवण्याच्या, १९८७ साली आलेल्या एक्स-११ पद्धतीत एक्स सर्व्हर हा प्रत्यक्ष फोकस आणि प्रत्यक्ष क्रम सांभाळतो. विंडो मॅनेजर धोरण ठरवतो, म्हणजे कोणाला वर आणायचे आणि कोणाला फोकस द्यायचा याचा निर्णय घेतो. आणि आपला प्रोग्रॅम विनंती करतो. विंडो वर आणण्याची प्रोग्रॅमची विनंती सर्व्हर परस्पर अमलात आणत नाही. ती विंडो मॅनेजरकडे वळवली जाते आणि त्याला ती नाकारण्याचा अधिकार असतो. याला दोन पळवाटा आहेत. ‘ओव्हरराइड रीडायरेक्ट’ हा गुणधर्म लावलेली विंडो विंडो मॅनेजरच्या नियंत्रणाबाहेर राहते. मेन्यू आणि टूलटिप यांच्यासाठी ती सोय आहे. दुसरे असे की, कोणताही प्रोग्रॅम सर्व्हरकडे थेट फोकस मागू शकतो आणि त्या वेळी विंडो मॅनेजरला कोणी विचारत नाही. बहुतेक चिवट दोष या दोन पळवाटांतून येतात.

पहिली पायरी: सत्र कोणते आहे ते पाहावे

टर्मिनलमध्ये ‘एक्सडीजी सेशन टाइप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत पाहावी. उत्तर एक्स-११ आले तर पुढची सगळी साधने चालतील. वेलँड, म्हणजे एक्स-११ ची जागा घेणारी नवी पद्धत, आले तर एक्स-११ ची साधने फक्त एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स-११ चे प्रोग्रॅम चालवणाऱ्या दुव्यातून) चालणाऱ्या विंडो दाखवतील, आणि बाकीच्या विंडो त्यांना दिसणारच नाहीत. नंतर ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ हे साधन ‘एम’ पर्यायासह चालवून विंडो मॅनेजरचे नाव टिपून ठेवावे. हे नाव पुढे लागते, कारण तोच प्रोग्रॅम ओपनबॉक्सवर एक वागतो आणि केविनवर दुसरे.

दुसरी पायरी: फोकसची नोंद, पण दुसऱ्या यंत्रावरून

नोंद घेण्यासाठी त्याच संगणकावर टर्मिनल उघडून त्यात क्लिक केले की फोकस टर्मिनलकडे जातो, आणि जे मोजायचे तेच मोजण्याच्या क्रियेने बदलते. म्हणून शेजारच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करण्याच्या साधनाने) त्या यंत्रात शिरावे, ‘डिस्प्ले’ आणि ‘एक्सऑथॉरिटी’ ही दोन व्हेरिएबल त्या सत्राप्रमाणे लावावीत आणि ऑपरेटरला त्याचे काम नेहमीप्रमाणे करू द्यावे.

मग ‘एक्सप्रॉप’ हे साधन ‘रूट’ आणि ‘स्पाय’ हे पर्याय देऊन ‘नेट ॲक्टिव्ह विंडो’ या गुणधर्मावर चालू ठेवावे. सक्रिय विंडो बदलली की ते तिचा क्रमांक छापते. हे आउटपुट मोअरयुटिल्स संचातल्या ‘टीएस’मधून काढले की प्रत्येक ओळीला वेळ लागते. विंडोंचे क्रमांक आधी ओळखून ठेवलेले असले की नोंद साधारण अशी वाचता येते: ११:४२:०७ ला फॉर्म, ११:४२:०९ ला वजनाची विंडो, त्याच सेकंदात पुन्हा फॉर्म. ऑपरेटरच्या डोळ्यांना ही ये-जा दिसतही नाही. त्या अर्ध्या क्षणात दाबलेल्या एक-दोन कळा मात्र हरवलेल्या असतात.

मराठी टायपिंगमुळे हा दोष लवकर उघडा पडतो. इनस्क्रिप्ट पद्धतीने ‘विंचूर’ लिहिताना च टाइप झाल्यावर फोकस सरकला तर फॉर्ममध्ये ‘विंच’ उरते, आणि दीर्घ उकार व र दुसऱ्या विंडोत जाऊन पडतात. मागे व्यंजन नसल्यामुळे तो उकार तिथे ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लटकलेला दिसतो. शेरा किंवा शोध यांच्या चौकटीत असे ठिपक्यांचे वर्तुळ आढळले तर ऑपरेटरकडून टायपिंगची चूक झाली असे गृहीत धरू नये. फोकस मध्येच पळाल्याचा तो बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा असतो. फोनेटिक पद्धतीत खूण निराळी असते. तिथे अपुरे अक्षर आयबसकडे, म्हणजे इनपुट पद्धत सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, तात्पुरते धरून ठेवलेले असते, आणि फोकस जाताच ते कधी पुसले जाते तर कधी अपुरेच फॉर्ममध्ये बसते. याशिवाय ग्नोम या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवण्याची सोय चालू असेल तर फोकस उडाला की मराठी टायपिंग अचानक इंग्रजीत होते.

तिसरी पायरी: दोन उत्तरे ताडून पाहावीत

‘एक्सडूटूल’मध्ये दोन आज्ञा आहेत. ‘गेट ॲक्टिव्ह विंडो’ ही विंडो मॅनेजरच्या मते सक्रिय असलेली विंडो सांगते, तर ‘गेट विंडो फोकस’ ही सर्व्हरकडे प्रत्यक्ष फोकस कोणाकडे आहे ते सांगते. काही टूलकिट (प्रोग्रॅमच्या विंडो आणि बटणे बनवण्याचे तयार संच) फोकस मुख्य विंडोऐवजी तिच्या आतल्या उपविंडोला देतात. त्यामुळे क्रमांकांत थोडा फरक दिसला तर आधी ती उपविंडो कोणाची आहे ते तपासावे. दोष कोणाचा, याचा निकाल बहुतेक वेळा याच तुलनेत लागतो.

दोन्ही उत्तरांत वजनाचीच विंडो आली, तर विंडो मॅनेजरने समजून-उमजून तिला फोकस दिला आहे. आमच्या उदाहरणात कारण हेच होते. काट्यावर नवे वजन आले की प्रोग्रॅम वजनाची विंडो लपवून पुन्हा दाखवत असे, आणि विंडो मॅनेजरच्या दृष्टीने ती प्रत्येक वेळी नव्याने उघडलेली विंडो ठरत असे. नव्या विंडोला फोकस देणे हे त्याचे नेहमीचे धोरण असल्यामुळे त्यात त्याची चूक काढता येत नाही. विंडो कायम उघडी ठेवून फक्त आतला आकडा बदलणे ही खरी दुरुस्ती आहे. पहिल्यांदा उघडतानाही तिने फोकस घेऊ नये यासाठी क्यूटी या टूलकिटमध्ये ‘डब्ल्यूए शो विदाउट ॲक्टिव्हेटिंग’, आणि जीटीके या टूलकिटच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सेट फोकस ऑन मॅप’ला नकार, अशी सोय आहे. खाली उतरून पाहिले तर ‘नेट डब्ल्यूएम यूजर टाइम’ या गुणधर्मात शून्य ठेवणे म्हणजेच ‘मला उघडताना फोकस देऊ नका’ असे सांगणे होय.

विंडो मॅनेजर फॉर्मचे नाव घेतो आणि सर्व्हर वजनाच्या विंडोचे, असे झाले तर प्रोग्रॅमने परस्पर फोकस उचललेला आहे. हा दोष प्रोग्रॅमचाच, आणि विंडो मॅनेजरची कोणतीही सेटिंग बदलून तो जाणार नाही.

सर्व्हरच्या उत्तरात कोणतीच विंडो नसेल, तर फोकस असलेली विंडो बंद झाली आणि तो परत कोणाला द्यायचा हे नीट ठरवलेले नव्हते. फोकस देताना ‘रिव्हर्ट टू’ या जागी ‘नन’ ठेवलेले असेल तर नवा फोकस मिळेपर्यंत दाबलेल्या सगळ्या कळा सर्व्हर टाकून देतो. ‘कीबोर्ड मेला’ म्हणून वायर उपसून पुन्हा लावली जाते ती बऱ्याचदा याच वेळी, आणि तेवढ्यात कोणीतरी फॉर्मवर क्लिक केल्यामुळे कीबोर्ड चालू होतो, म्हणून वायरचाच दोष होता अशी समजूत पक्की होते.

दोन्ही उत्तरे फॉर्मकडे बोट दाखवत असूनही अक्षरे उमटत नसतील, तर ‘एक्सईव्ही’ हे साधन फॉर्मचा क्रमांक देऊन फक्त फोकसच्या घटनांसाठी चालवावे. ‘फोकस आउट’च्या ओळीत ‘नोटिफाय ग्रॅब’ दिसले तर फोकस गेलेला नसून कोणीतरी कीबोर्ड तात्पुरता ताब्यात घेतला आहे. मेन्यू उघडणे, आवाजाची कळ दाबणे, ऑल्ट-टॅब, यांत हे सहज घडते. जे प्रोग्रॅम ही खरी फोकस-हानी समजून अर्धवट लिहिलेला फॉर्म बंद करतात किंवा सुचवलेल्या गावांची यादी मिटवतात, त्यांच्या कोडमध्ये ‘ग्रॅब’ आणि ‘अनग्रॅब’ प्रकारच्या घटनांकडे दुर्लक्ष करण्याची अट घालावी लागते.

फोकस मागण्याच्या कोडमध्ये वेळेचा शिक्का योग्य आहे ना, हेही पाहावे. सर्व्हर फोकसच्या विनंतीबरोबर आलेली वेळ तपासतो, आणि ती आधीच्या फोकसबदलाहून जुनी असेल तर विनंती गुपचूप सोडून देतो. म्हणून ज्या कळीमुळे किंवा क्लिकमुळे फोकस मागितला, त्याच घटनेची वेळ द्यावी. ‘करंट टाइम’ देऊन काम भागते खरे, पण मग उशिरा पोहोचलेली विनंतीही ताजी ठरते आणि वापरणारा पुढच्या चौकटीत लिहू लागला असताना फोकस मागे खेचला जातो. ही वेळ ३२ बिटांत मिलिसेकंदांनी मोजली जात असल्यामुळे साधारण ४९.७ दिवसांनी ती पुन्हा शून्यावर येते. महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या यंत्रावर ‘अधूनमधून कधीतरी’ होणारा दोष शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. नुकतीच उघडलेली विंडो अजून दिसू लागलेली नसताना तिला फोकस मागितला, तर सर्व्हर ‘बॅड मॅच’ ही चूक परत पाठवतो. ही चूक वेगवान यंत्रावर क्वचित आणि जुन्या यंत्रावर वारंवार दिसते, त्यामुळे ती हार्डवेअरच्या माथी मारली जाते.

बाहेरचा स्क्रीन का झाकला जातो

आता क्रमाकडे वळू. ‘एक्सविनइन्फो’ला ‘रूट’ आणि ‘ट्री’ हे पर्याय दिले की सर्व विंडो वरून खाली अशा क्रमाने छापल्या जातात. ‘नेट क्लायंट लिस्ट स्टॅकिंग’ या गुणधर्मात मात्र क्रम खालून वर असतो. दोन याद्या शेजारी ठेवताना हे विसरले तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही अशी विंडो वर बसलेली आढळली, तर ती ओव्हरराइड रीडायरेक्ट आहे का ते लगेच तपासावे. मात्र बहुतेक विंडो मॅनेजर प्रत्येक विंडोभोवती स्वतःची चौकट घालतात आणि पहिल्या यादीत ती चौकट आधी येते, त्यामुळे क्रमांक ताडताना चौकटीच्या आत पाहावे.

विंडो मॅनेजर विंडोंना थरांत बसवतात. ईडब्ल्यूएमएच या संकेतानुसार सर्वांत खाली डेस्कटॉप, त्यावर ‘बिलो’ अशी खूण असलेल्या विंडो, त्यावर साध्या विंडो, त्यावर पॅनेल (टास्कबारसारखी पट्टी) आणि ‘अबव्ह’ खूण असलेल्या विंडो, आणि सर्वांत वर फुलस्क्रीन विंडो, असा क्रम सुचवलेला आहे. फुलस्क्रीनबाबत एक अट आहे आणि आमच्या खळ्यावरचा प्रश्न तिथेच अडकलेला होता: सर्वांत वरचा थर *फोकस असलेल्या* फुलस्क्रीन विंडोसाठी आहे. बाहेरच्या स्क्रीनवरची विंडो फुलस्क्रीन असली, तरी ऑपरेटर आत फॉर्ममध्ये टाइप करतो तेव्हा फोकस फॉर्मकडे असतो. ही अट काटेकोर पाळणारा विंडो मॅनेजर त्या क्षणी बाहेरची वजनाची विंडो साध्या थरात उतरवतो, आणि बाहेरच्या स्क्रीनवर पॅनेल ठेवलेले असेल तर ते आकड्यावर येऊन बसते. काही विंडो मॅनेजर दुसऱ्या स्क्रीनवरची फुलस्क्रीन विंडो वरच ठेवतात. त्यामुळे ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याच्या टेबलावर दोष दिसत नाही आणि खळ्यावर दिसतो.

इथे अनेक जण प्रोग्रॅममध्ये एक टायमर लावून दर सेकंदाला विंडो वर आणण्याची विनंती करतात. ही दुरुस्ती मी कोणालाही सुचवणार नाही. तसाच आग्रह धरणारा दुसरा प्रोग्रॅम शेजारी आला की दोघे एकमेकांना खाली ढकलत राहतात, स्क्रीन लुकलुकू लागतो, आणि वजन वाचायला आलेल्या माणसाला आकडा धड दिसतच नाही. योग्य क्रम असा की आधी बाहेरच्या स्क्रीनवरून पॅनेल काढावे, मग सूचना बंद ठेवण्याची सोय चालू करावी, आणि त्यानंतरही गरज उरली तरच त्या विंडोला ‘अबव्ह’ ही खूण एकदाच लावावी. केविनमध्ये विंडोनुसार नियम करता येतात, त्यात ‘कीप अबव्ह’ सक्तीने लावता येते. प्रोग्रॅम जीटीकेच्या चौथ्या आवृत्तीवर असेल तर हा नियम बाहेरूनच लावावा लागतो, कारण विंडो वर ठेवण्याची पूर्वीची आज्ञा त्या आवृत्तीत काढून टाकलेली आहे.

फॉर्ममागे दडलेला प्रश्न

‘पट्टी छापायची का?’ असे विचारणारी छोटी विंडो फॉर्मच्या मागे उघडते, फॉर्म तिच्या उत्तराची वाट पाहत क्लिक स्वीकारत नाही, आणि समोरच्याला वाटते प्रोग्रॅम अडकला. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: ही विंडो कोणाची, हे सांगितलेले नसते. एक्सप्रॉप चालवून त्या छोट्या विंडोवर क्लिक करावे आणि ‘डब्ल्यूएम ट्रान्झियंट फॉर’ या ओळीत फॉर्मचा क्रमांक आहे का ते पाहावे. तो असेल तर विंडो मॅनेजर तिला फॉर्मच्या वर ठेवतो. टीकेइंटरमध्ये ‘ट्रान्झियंट’, जीटीकेमध्ये ‘सेट ट्रान्झियंट फॉर’ आणि क्यूटीमध्ये डायलॉग तयार करताना दिलेला पालक, ही त्यासाठीची एका ओळीची दुरुस्ती आहे. मायक्रोसॉफ्ट विंडोजवरही ‘ओनर’ न दिलेला डायलॉग असाच मागे जातो.

वेलँड आणि विंडोज

वेलँडमध्ये प्रोग्रॅमला स्वतःला वर आणता येत नाही, फोकस हिसकावता येत नाही आणि इतरांचा क्रमही कळत नाही. हे सगळे कंपोझिटरच्या, म्हणजे तिथे सर्व्हर आणि विंडो मॅनेजर या दोघांची कामे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती असते. एका प्रोग्रॅममधून दुसरा उघडताना फोकस पुढे द्यायचा असेल तर ‘एक्सडीजी ॲक्टिव्हेशन’ प्रोटोकॉलचे टोकन, म्हणजे परवानगीची खूण, द्यावे लागते. ते नसेल तर ग्नोम विंडो समोर न आणता ती तयार असल्याची फक्त सूचना देते. ‘वेलँड डीबग’ हे व्हेरिएबल १ ठेवून प्रोग्रॅम चालवला की त्याचा सगळा संवाद छापला जातो, आणि त्यात कीबोर्डच्या ‘एंटर’ व ‘लीव्ह’ या ओळी शोधाव्यात. एक्स-११ वर चालणारी युक्ती वेलँडवर चालत नाही ही तक्रार अनेकदा कानावर येते, पण बाहेरच्या स्क्रीनसारख्या कामासाठी मला वेलँडची ही शिस्त अधिक भरवशाची वाटते.

विंडोजवर पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमने ‘सेट फोरग्राउंड विंडो’ मागितले तर बहुधा टास्कबारवरचे बटण नुसते लुकलुकते. हे जाणूनबुजून घातलेले बंधन आहे. रजिस्ट्रीत बदल करून ते उठवण्याचे सल्ले मिळतात, पण तसे केल्यास त्या यंत्रावरचा प्रत्येक प्रोग्रॅम फोकस पळवायला मोकळा होतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

दुरुस्ती तपासणे आणि दोष कळवणे

दुरुस्ती थेट खळ्यावर तपासू नये. ‘झेफर’ हा सर्व्हर चालत्या सत्राच्या आत एका विंडोत दुसरे एक्स सत्र उघडतो. त्यात आधी ओपनबॉक्स आणि मग एक्सएफसीई या डेस्कटॉपचा विंडो मॅनेजर एक्सएफडब्ल्यूएम चालवून तोच प्रसंग दोन्हींवर घडवावा. एक्सडूटूलने फॉर्ममध्ये संथ गतीने एक लांब आकडा टाइप करवावा, त्याच वेळी वजनाचे बनावट आकडे पाठवत राहावे आणि शेवटी फॉर्ममधला आकडा पूर्ण आहे का ते ताडावे. या चाचणीत देवनागरी मजकूर वापरू नये, कारण कीबोर्डच्या नकाशात नसलेली अक्षरे टाइप करण्यासाठी हे साधन तो नकाशा तात्पुरता बदलते आणि चाचणीच दोष निर्माण करू शकते. मराठी टायपिंगची तपासणी शेवटी माणसाने, ऑपरेटर वापरतो त्याच इनपुट पद्धतीने करावी.

दोष विंडो मॅनेजरचा किंवा टूलकिटचा निघाला तर तो कळवताना सत्राचा प्रकार, विंडो मॅनेजर व टूलकिट यांच्या आवृत्त्या, वेळेसह घेतलेली नोंद, तिसऱ्या पायरीतली दोन्ही उत्तरे आणि दोष घडवण्याचा लहानात लहान क्रम द्यावा. ‘कधीकधी फोकस जातो’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. कळवून झाल्यावर दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत केविनच्या सेटिंगमध्ये ‘फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन’ (फोकस पळवण्याला आळा) वाढवून किंवा एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये ते चालू करून काम भागवता येते. मात्र केलेला प्रत्येक तात्पुरता बदल तारखेसह एका कागदावर लिहून तो संगणकाशेजारीच ठेवावा, म्हणजे दुरुस्त आवृत्ती बसवणाऱ्याला कोणत्या सेटिंग आधी पूर्ववत करायच्या हे कोणाला विचारावे लागणार नाही.